विश्लेषण : एफआयआर नोंदवला, पुढे काय? पीडितांना कायद्याने कोणते हक्क दिले आहेत?

वाशिम : पार्सल कुठवर आले हे मोबाइलवर घरबसल्या कळते. घरात चोरी झाली किंवा कुणाला मारहाण झाली, तर मात्र केसचे काय झाले हे विचारायला पोलिस ठाण्यात खेटे घालावे लागतात आणि ‘तपास सुरू आहे’ एवढेच ऐकून परतावे लागते. प्रत्यक्षात 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार (बीएनएसएस) ही माहिती स्वतःहून कळवणे पोलिसांना बंधनकारक आहे.

खैरलांजीत काय राहून गेले?

29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. वाचले ते एकटे भैयालाल भोतमांगे. सप्टेंबर 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने 11 पैकी 8 आरोपींना दोषी ठरवले, तिघे सुटले. ॲट्रॉसिटी कायद्याखालील आरोपही टिकले नाहीत. ज्यांचे अख्खे घर गेले, त्यांना या सुटकेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क तेव्हाच्या कायद्यात नव्हता. अपील करायचे की नाही, हे सरकार पक्षाने ठरवायचे. पीडित म्हणजे फक्त एक साक्षीदार. भैयालाल यांचे 20 जानेवारी 2017 रोजी निधन झाले.

हा हक्क आला 31 डिसेंबर 2009 पासून. आता तो बीएनएसएसच्या कलम 413 मध्ये आहे. आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडित स्वतः अपील करू शकतो. त्याच्या मृत्यूनंतर वारसही करू शकतात. निर्दोष सुटकेविरुद्धच्या अशा अपिलासाठी न्यायालयाची वेगळी परवानगी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले. मात्र ‘शिक्षा कमी झाली’ एवढ्याच कारणावर पीडिताला अपील करता येत नाही. निकाल प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा असेल तर अपील सत्र न्यायालयात, सत्र न्यायालयाचा असेल तर नागपूर खंडपीठात. निकाल लागताच वकिलाला भेटा, मुदतीचा प्रश्न येतो.

‘आमची हद्द नाही’ म्हटले तर?

समृद्धी महामार्गावर प्रवासात बॅग गेली आणि कारंजात उतरल्यावर लक्षात आले, तर गुन्हा नेमका कुठल्या हद्दीत झाला याचे उत्तर तुम्ही शोधायचे नाही. दखलपात्र गुन्हा असेल तर कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. तक्रार ऑनलाइन पाठवली असेल, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्याच. ठाणेदारांनी नकार दिला तर टपालाने पोलिस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी. तिथेही काही झाले नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

90 दिवसांचा नियम काय?

कलम 193 नुसार तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावी लागते. मोबाइलवरून कळवले तरी चालते. त्यामुळे फिर्याद देताना चालू असलेला नंबर द्या आणि तो बदलला तर ठाण्यात लेखी कळवा. 90 दिवस उलटूनही काहीच आले नाही, तर याच कलमाचा उल्लेख करून अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी विचारण्यापेक्षा कागदाला वजन असते.

आरोपी न्यायालयात हजर झाल्यापासून 14 दिवसांत दोषारोपपत्र व कागदपत्रांची प्रत पीडितालाही मिळते. पण मेख अशी की कायद्यात ‘वकील असेल तर’ अशी अट आहे. म्हणजे ज्याला वकील परवडत नाही, त्याच्या हातात कागदच नाहीत! यावर उपाय जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाचा. महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100 आहे. न्यायालयाच्या परवानगीने हा वकील सरकारी वकिलांना मदत करू शकतो.

जामिनाच्या वेळी बोलता येते का?

येते. लखीमपूर खेरी प्रकरणात 18 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीडितांना प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क असल्याचे सांगून आरोपीचा जामीन रद्द केला. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात तर जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला देणे सक्तीचे आहे. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर त्याआधीही पीडिताचे ऐकून घ्यावे लागते.

आरोपीच सापडला नाही तर?

तरीही भरपाईसाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. या गुन्ह्यांतील पीडितांवर सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाने तातडीने मोफत उपचार करायचे असतात.

तारीख मोबाइलवर कशी पाहायची?

‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ या मोफत ॲपमध्ये खटल्याचा 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. हा क्रमांक वकिलांकडून घेऊन फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.