मोटारीचें टोपरें अडून बसलें तर

संसारांतील अडचणींची एक मोठी विचित्र जात आहे. वस्तु डोळ्यांसमोर असते, तिच्या आंत काय आहे हें आपणांस ठाऊक असतें, मधला पडदा बोटभर जाडीचाहि नसतो, आणि तरी आपला हात आंत पोहोंचत नाहीं. किल्ली आंत राहून बंद झालेली ट्रंक, पावसाळ्यांत फुगून बसलेलें लांकडी कपाट आणि न उघडणारें मोटारीचें बॉनेट हीं या जातीचीं तीन उदाहरणें होत. पहिल्या दोहोंचा परिचय आमच्या पिढीस बालपणापासून आहे. तिसरें मात्र मध्यम स्थितीच्या घरांतून मोटारी आल्यानंतर आपल्या दारीं आलें. म्हणून त्याचा थोडा विचार आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, हें काम मिस्त्रीचें. गृहस्थाश्रमी माणसानें त्यांत कां पडावें? आक्षेप वाजवी आहे. परंतु बॉनेट अडतें तें बहुधा मिस्त्री जवळ नसतांनाच. पहांटे आजारी माणसास दवाखान्यांत न्यावयाचें आहे आणि बॅटरी उतरली आहे. किंवा घाट चढतांना एंजिन तापलें आहे व गाडींत मुलेंबाळें आहेत. अशा वेळीं ज्या झांकणाखालीं उपाय आहे तेंच झांकण हटून बसलें, तर सर्व घर खोळंबतें. मग घाबरलेलीं माणसें पहार घेऊन पत्र्याची कड उचकटूं लागतात, आणि चार आण्यांच्या दुखण्यावर चार रुपयांचें औषध होऊन बसतें.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. बॉनेट म्हणजे हनुवटीखालीं बंद बांधून घालावयाचें टोपरें. अमेरिकेंतील लोक याच झांकणास हूड, म्हणजे आपली कुंची, म्हणतात. टोपरें म्हणा कीं कुंची म्हणा, दोन्ही नांवें बाळलेण्यांतलीं. आणि वारापाऊस, धूळ यांपासून नाजूक डोक्याचें रक्षण करणें हें दोहोंचें काम एकच. आरंभींच्या मोटारींत हें टोपरें निराळ्या तऱ्हेनें उघडत असे. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्ड कंपनीच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीच्या बॉनेटास मधोमध लांबट बिजागरी होती व तें दोहों बाजूंनीं पंखासारखें उचलतां येई. बाहेरची पकड सोडली कीं काम झालें. अडण्यासारखें त्यांत फारसें कांहीं नव्हतेंच. पुढें सुसरीच्या जबड्याप्रमाणें पुढून उघडणारें एकसंध झांकण आलें, आणि चोराचिलटांचा बंदोबस्त व्हावा म्हणून त्याच्या कुलुपाची मूठ गाडीच्या आंत, चालकाच्या पायांपाशीं गेली. कुलूप एका टोंकास आणि किल्ली दुसऱ्या टोंकास, अशी ही योजना आहे. बहुतेक सर्व रोगांचें मूळ या अंतरांतच आहे.

हें अंतर जोडणारी तार फार युक्तीची आहे. सायकलच्या ब्रेकची तार आपण सर्वांनीं पाहिली आहे. बॉनेटची तार त्याच कुळांतली. पोलादी तारेच्या वेटोळ्यांची एक लवचीक नळी आणि तिच्या आंत सरकणारा पिळाचा दोर, असें तिचें स्वरूप असतें. अर्नेस्ट बाउडेन या गृहस्थानें १८९६ सालीं तिचें पेटंट घेतलें, म्हणून तिला बाउडेन केबल म्हणतात. नळी दोन्ही टोंकांस घट्ट बसविलेली असते. ती स्थिर राहते म्हणूनच आंतला दोर ओढतां येतो. नळीचें टोंक आपल्या खांचेंतून निसटलें तर दोरासह नळीहि सरकते आणि आपली ओढ वाटेंतच विरून जाते.

आतां कुलूप पाहूं. बॉनेटच्या पुढल्या कडेस खालच्या अंगाला एक लोखंडी कडी असते. झांकण खालीं पडलें कीं ही कडी कुलुपाच्या आंकड्यांत अडकते, आणि तो आंकडा मागें फिरूं नये म्हणून एक लहानशी खिटी त्याच्याआड येते. मूठ ओढली म्हणजे तार त्या खिटीस बाजूस सारते, आंकडा मोकळा होतो व झांकण टपकन् दोन बोटें वर येतें. तें वर यावें म्हणून त्याखालीं स्प्रिंग असते आणि कडेस रबरी बुंधेहि असतात. या सर्वांचा जोर झांकणास सदैव वर लोटीत असतो. तो जोर कडीवर, कडीचा आंकड्यावर आणि आंकड्याचा खिटीवर येतो. खिटी नवी व वंगणलेली असतां हा भार तिला जाणवत नाहीं. परंतु तेल वाळलें, धूळ बसली, कोंकणच्या दमट हवेनें गंज चढला, कीं त्याच भारामुळें ती जागच्या जागीं आवळली जाते. अशा वेळीं माणूस काय करतो? मूठ जोरानें ओढतो आणि झांकण वर उचलूं पाहतो. म्हणजे ज्या भारानें खिटी आवळली तोच भार आणखी वाढवितो!

या लेखांतलें मुख्य सूत्र हेंच: अडलेली खिटी जोर लावून सुटत नाहीं, तिच्यावरचा भार उतरविला म्हणजे सुटते.

हें सूत्र आमच्या घरांतील बायकांस कोणत्याहि यंत्रशाळेंत न जातां अवगत आहे. तीन वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्याच्या गाडीचें बॉनेट ऐन श्रावणांत अडलें. तो आंतून मूठ ओढीत होता आणि शेजारचीं दोन धट्टींकट्टीं मुलें पुढची कड धरून वर उचलीत होतीं. आमच्या वहिनी ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या. कांहीं वेळ पाहून त्या पुतण्यास म्हणाल्या, "अरे, कोठीच्या दाराची कडी बसली कीं आपण आधीं दार घट्ट ओढून धरतों आणि मग कडी सरकवतों ना? मग तुम्ही याला वर काय उचलतां? खालीं दाबा कीं!" मुलांनीं तळहातांनीं झांकण खालीं दाबलें, पुतण्यानें मूठ ओढली, आणि 'खट्' असा आवाज होऊन बॉनेट मोकळें झालें. वहिनींनीं वाती वळणें थांबविलें देखील नव्हतें.

उपायास हात घालण्यापूर्वीं वैद्याप्रमाणें नाडी पाहावी. येथें नाडी म्हणजे ती मूठ. परंतु पेट्रोलच्या झांकणाची मूठहि पुष्कळ गाड्यांत तशीच जवळपास असते. तेव्हां आपण बॉनेटचीच मूठ धरली आहे ना, हें आधीं पाहावें. मग ती सावकाश ओढावी. नेहमीसारखी ओढली जाते पण झांकण हलत नाहीं, तर खिटी भाराखालीं आहे किंवा तार थोडी सैल पडली आहे. मूठ दगडासारखी घट्ट असेल तर कुलूप किंवा तार गंजली आहे. मूठ निर्जीवपणें हातांत आली तर तार तुटली आहे अथवा तिचें एखादें टोंक निसटलें आहे. आणि झांकण दोन बोटें वर येऊन थांबलें, तर मुख्य कुलूप उघडलें असून राहिला आहे तो केवळ दुसरा आंकडा. झांकणाच्या फटींत बोटें घालून, मध्याच्या आसपास चांचपून, तो बाजूस सारावा किंवा वर उचलावा. प्रत्येक गाडीची रीत तिच्या पुस्तिकेंत दिलेली असते.

निदान झालें म्हणजे सूचीकटाहन्यायानें चालावें. लोहाराकडे एकानें सुई मागितली व दुसऱ्यानें कढई, तर तो सुई आधीं करून देतो. तसें सोपें तें प्रथम. गाडी सपाट जागीं उभी करून, हातब्रेक ओढून, एंजिन बंद करावें व किल्ली काढून घ्यावी. एका माणसानें मूठ ओढून धरावी आणि दुसऱ्यानें कुलुपाच्या बरोबर वर, पुढल्या कडेजवळ, तळहातांनीं दाबून एकदम सोडावें. असें आठ-दहा वेळां करावें. पत्र्याच्या मधल्या पातळ भागावर मूठ आपटूं नये. तेथें पोंचा पडतो. माणूस एकटाच असेल तर मूठ ओढलेल्या स्थितींत सुतळीनें बांधून ठेवावी व पुढें येऊन दाबावें. बॅटरी उतरली असली तरी चिंता नाहीं. बहुतेक गाड्यांत हें कुलूप विजेवर नसून निव्वळ तारेवर चालतें.

एवढ्यानें न सुटल्यास तेलाचा उपाय. गंजांत झिरपणाऱ्या पातळ तेलाचे फवारे बाजारांत मिळतात. त्यांतील 'डब्ल्यू-डी ४०' हें सर्वपरिचित तेल १९५३ सालीं अमेरिकेंत निघालें. त्याच्या बारीक नळीनें पुढच्या जाळींतून अथवा झांकणाच्या फटींतून कुलुपाच्या दिशेनें फवारा मारावा, अर्धी घटका थांबावें, आणि दाबण्याचा प्रयोग पुन्हां करावा. घाई केल्यास तेलाचा गुण येत नाहीं.

मूठच तुटली असेल, तर तिच्यामागें तारेचें टोंक बहुधा शिल्लक असतें. हाताभोंवतीं जाड फडकें गुंडाळून तें पकडींत धरावें व सरळ रेषेंत हळूहळू ओढावें. तुटलेल्या पिळाचे धागे सुईसारखे टोंचतात, म्हणून फडकें आवश्यक. नळीच खांचेंतून निसटली असेल तर एका हातानें नळी मागें रोखून दुसऱ्यानें दोर ओढला कीं कुलूप पुष्कळदां उघडतें. परंतु तार पुढें एंजिनाच्या बाजूस तुटली असेल, तर जाळींतून लांब सळई घालून किंवा खालचें आच्छादन काढून खिटीपर्यंत पोहोंचावें लागतें. ही कढई होय. ती मिस्त्रीच्याच हातीं द्यावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींहि, क्षणभरहि, शिरूं नये. जॅक निसटला तर माणूस दगावतो. तसेंच एंजिन तापलें असतां जाळींतून हात किंवा सळई घालूं नये. आंतला विजेचा पंखा एंजिन बंद असतांहि आपोआप सुरू होऊं शकतो.

झांकण उघडलें म्हणजे सर्वांस हायसें वाटतें, आणि आनंदाच्या भरांत कोणीतरी तें तत्काळ आपटून बंद करतो. हें मात्र सर्वथा टाळावें. तें पुन्हां अडलें तर पहिल्यापासून सर्व आलें. उघडें आहे तोंच कुलूप जुन्या ब्रशानें साफ करावें, तेल सोडावें, आणि वर ग्रीसचा हलका हात द्यावा. नंतर स्क्रू-ड्रायव्हरनें आंकडा दाबून तो बंद स्थितींत आणावा व दुसऱ्यास मूठ ओढावयास सांगावें. आंकडा झटकन् सुटला, आणि असें तीन-चार वेळां झालें, तरच झांकण लावावें. तारेचे धागे विसकटलेले दिसले तर ती तुटण्याची वाट न पाहतां बदलून घ्यावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. न उघडणारें बॉनेट माणसास खोळंबवितें. अर्धवट लागलेलें बॉनेट मात्र त्याचा प्राण घेऊं शकतें. पुढून उघडणारें झांकण भर वेगांत वाऱ्यानें उसळलें तर तें उलटून समोरच्या कांचेवर आदळतें व चालकापुढें काळी भिंत उभी राहते. तो दुसरा आंकडा याचसाठीं असतो. अमेरिकेंत मोटारींच्या सुरक्षिततेचें ११३ क्रमांकाचें मानक १९६९ पासून लागू झालें. चालकाची दृष्टि अडवूं शकणाऱ्या अशा झांकणास दुसरी पकड असलीच पाहिजे, असें त्यांत सांगितलें आहे. म्हणून मुख्य कुलूप धड लागत नसतां 'दुसरा आंकडा आहे ना' अशा भरंवशावर प्रवासास निघूं नये. तो संकटकाळचा सोबती आहे, रोजचा गडी नव्हे. चालतां चालतां झांकण वर आलेंच तर एकदम जोराचा ब्रेक दाबूं नये. झांकणाखालच्या फटींतून अथवा बाजूच्या खिडकींतून रस्ता पाहत, वेग हळूहळू कमी करीत, गाडी कडेस घ्यावी.

घरांत ज्याप्रमाणें दिवाळीपूर्वीं दारांच्या बिजागऱ्यांस तेल घालण्याचा प्रघात आहे, त्याप्रमाणें पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां बॉनेटच्या कुलुपास तेल द्यावें, आणि त्या वेळीं घरांतील मोटार चालविणाऱ्या सर्वांनीं, मुलींनीं व सुनांनीं देखील, मूठ कोठें आहे आणि दुसरा आंकडा कोणत्या बाजूस सरतो हें स्वतःच्या बोटांनीं पाहून ठेवावें. अंधारांत, पावसांत, घाबरलेल्या मनानें तें शोधण्यापेक्षां उजेडांत, शांतपणें शिकून ठेवणें केव्हांहि बरें. सुज्ञांस अधिक सांगणें नलगे.