ठेक्याची गोष्ट (भाग ७) : न्यू वेव्ह आणि सरकलेली सम

गेल्या आठवड्यात आपण पंकपाशी थांबलो होतो. दोन-अडीच मिनिटांचं गाणं, मोजके स्वरमेळ आणि पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत दम न घेता वाजणारा ड्रम, एवढ्या भांडवलावर या मंडळींनी १९७६-७७ साली रॉकमधला सगळा फापटपसारा निकालात काढला. पण त्याच वेगानं आणि त्याच आवेशानं किती वर्षं वाजवत राहणार? हा प्रश्न पंकच्याच मंचावर वाढलेल्या काही वादकांना पडला. त्याचं उत्तर शोधताना त्यांनी जे संगीत केलं, ते न्यू वेव्ह. साधारण १९७७ ते १९८४ हा त्याचा बहराचा काळ. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात मला याच्याइतका प्रिय दुसरा कालखंड नाही.

मात्र न्यू वेव्हची व्याख्या करायला बसलं की पंचाईत होते. पंक म्हटलं की अमेरिकेतली रेडिओ केंद्रं दारच उघडत नाहीत, हे सायर रेकॉर्ड्सच्या सिमोर स्टाइन यांनी ओळखलं आणि आपल्या कलाकारांसाठी न्यू वेव्ह हे नाव पुढे रेटलं. विक्रीच्या सोयीनं रुजलेल्या या नावाखाली मग नाना तऱ्हेची माणसं जमली. गिटार आणि धारदार शब्द घेऊन आलेला एल्व्हिस कॉस्टेलो त्यात आहे. टायरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अ‍ॅक्रन गावातून आलेला, एकसारखे पोशाख घालून यंत्रवत हालचाली करणारा डिव्हो हा बँडही त्यात आहे. गॅरी न्यूमनच्या १९७९ सालच्या ‘द प्लेझर प्रिन्सिपल’ या अल्बममध्ये तर गिटार औषधालाही नाही. तेव्हा वाद्यांवरून व्याख्या होत नाही. रंगवलेले केस आणि टोकदार पोशाख यांवरूनही ती होत नाही, कारण १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाल्यावर ते सगळ्यांच्याच अंगावर चढले.

माझ्या मते न्यू वेव्हची खरी खूण तिच्या ठेक्यात आहे. पंकनं सगळ्या मात्रा भरून टाकल्या होत्या. न्यू वेव्हच्या वादकांनी त्यातल्या काही रिकाम्या ठेवल्या, वजन एका मात्रेवरून दुसरीवर सरकवलं आणि त्यासाठी डिस्को, रेगे, आफ्रिकी संगीत, यंत्रं, जे मिळेल ते बिनदिक्कत जवळ केलं. आपल्याकडे बैठकीत गायक समेवर आला की आपोआप मान डोलते. ती सम कुठे पडते याची आपल्या कानाला सवय असते. त्याच कानांनी पुढची चार गाणी ऐकावीत.

डिस्कोतली गाळलेली मात्रा

न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावरच्या सीबीजीबी या क्लबात रमोन्स, टेलिव्हिजन, पॅटी स्मिथ, टॉकिंग हेड्स आणि ब्लाँडी हे सगळे वाजवत. ब्लाँडीच्या डेबी हॅरी आणि क्रिस स्टाइन यांच्याकडे १९७५ पासून एक चाल पडून होती. बँडमध्ये तिला ‘डिस्कोचं गाणं’ म्हणत. १९७८ च्या उन्हाळ्यात ‘पॅरलल लाइन्स’ या अल्बमचं ध्वनिमुद्रण चालू असताना निर्माते माइक चॅपमन यांनी ती बाहेर काढायला लावली. तिचं ‘हार्ट ऑफ ग्लास’ झालं.

गाण्याच्या सुरुवातीला टकटक करणारा बारीक ठेका ऐकू येतो. तो रोलँड कंपनीच्या सीआर-७८ या ड्रम मशीनचा. यंत्र चुकत नाही, त्यामुळे त्याच्याबरोबर वाजवणाऱ्या माणसालाही चुकायला वाव उरत नाही. क्लेम बर्क हा अंगात वारं भरल्यासारखा वाजवणारा ड्रमर; चॅपमन यांनी त्याच्याकडून ड्रमचे भाग सुटे सुटे वाजवून घेतले आणि मशीनशी तंतोतंत जुळवले. डिस्कोचा कणा असा यंत्राइतका काटेकोर बांधला गेला.

आणि मग मधल्या वाद्यांच्या तुकड्यात ब्लाँडीनं गंमत केली आहे. चार-चार मात्रांचा ओघ चालू असताना अचानक एक मात्रा गाळली जाते. बोटांवर मोजलं तर तिथे सातच भरतात, आपल्या रूपक तालाएवढ्या. नाचणाऱ्याचा पाय हवेतच राहतो आणि पुढच्या क्षणी ठेका त्याला पुन्हा झेलतो. शुद्ध डिस्कोचा निर्माता हे कधी करू देणार नाही आणि पंकवाल्यांना मुळात डिस्कोच वर्ज्य. या दोहोंच्या मधली जागा ही न्यू वेव्हची जागा.

१९७९ च्या एप्रिलमध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘तुम्ही विकले गेलात’ असा आरोप जुन्या चाहत्यांनी केला. त्याच वर्षी १२ जुलैला शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला. जे संगीत प्रामुख्यानं कृष्णवर्णीयांच्या, लॅटिनोंच्या आणि समलिंगी समाजाच्या क्लबांत वाढलं, त्याच्याविषयी एवढा द्वेष हवेत असताना ब्लाँडीनं त्याचा उघडपणे स्वीकार केला. या गाण्याचं मोल माझ्या लेखी त्यामुळे अधिकच वाढतं.

रंगभवनातली रेगे

जमैकाच्या रेगे संगीतात पहिली मात्रा बहुतेक वेळा मोकळी सोडतात आणि ड्रमचं वजन तिसऱ्या मात्रेवर टाकतात. समेवर टाळी द्यायला शिकलेल्या आपल्या हाताला हे आधी चमत्कारिक वाटतं. द पोलीस या लंडनच्या त्रिकुटानं ही मोकळीक आत्मसात केली. ड्रमर स्ट्युअर्ट कोपलंड याचं बालपण बैरुतमध्ये गेलं होतं. पहिल्या मात्रेवर भार न देणारे अरबी ठेके त्याच्या कानांत लहानपणापासून होते.

१९७९ चं ‘वॉकिंग ऑन द मून’ ऐका. अँडी समर्स गिटारवर एकच स्वरमेळ छेडतो आणि तो विरेपर्यंत थांबतो. स्टिंगचा बेस मोजकेच स्वर म्हणतो. कोपलंड हाय-हॅटच्या झांजांवर नक्षीकाम करत राहतो. तिघेच वादक, आणि त्यातलाही प्रत्येक जण दुसऱ्यासाठी जागा सोडतो. चंद्रावर चालण्याचा हलकेपणा या सोडलेल्या जागांतून येतो.

हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेल्यानंतर काही महिन्यांतच, २६ मार्च १९८० रोजी, हे तिघे मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात वाजवून गेले. कार्यक्रम टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या सेवाभावी संस्थेनं भरवला होता. परदेशी बँडचा कार्यक्रम ही अपूर्वाई असण्याच्या त्या काळात, ऐन बहरातली न्यू वेव्ह मुंबईकरांना उघड्या आकाशाखाली ऐकायला मिळाली.

सम कुणाची?

या प्रवासातलं सर्वांत धाडसी गाणं टॉकिंग हेड्सचं ‘वन्स इन अ लाइफटाइम’. डेव्हिड बर्न, टीना वेमथ आणि क्रिस फ्रान्झ हे कलाशाळेत शिकलेले; जेरी हॅरिसन नंतर येऊन मिळाला. १९८० साली ते बहामाजमधल्या नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत निर्माते ब्रायन ईनो यांच्याबरोबर बसले. नायजेरियाचे फेला कुटी यांच्या संगीतानं सगळ्यांना झपाटलं होतं. आधी गाणं रचून मग ते वाजवायचं, हा नेहमीचा क्रम त्यांनी मोडला. छोटे छोटे तुकडे आवर्तनासारखे पुन्हा पुन्हा वाजवायचे, त्यांचे थर चढवायचे आणि शब्द सर्वांत शेवटी शोधायचे, अशी नवी रीत धरली.

हे थर चढवताना ईनो यांच्या कानानं आवर्तनाची पहिली मात्रा भलतीकडेच धरली. बँडची तिसरी मात्रा ती ईनो यांची पहिली! दुसऱ्या एखाद्या निर्मात्यानं ती दुरुस्त करून घेतली असती. ईनो यांनी दोन्ही मोजण्या तशाच ठेवल्या आणि ज्याला जिथे सम वाटेल तिथून त्यानं वाजवावं, असं वादकांना सुचवलं. त्यामुळे हे गाणं दर वेळी थोडं वेगळं ऐकू येतं. बेसच्या बाजूनं मोजा, एक सम सापडते. कीबोर्डच्या बाजूनं मोजा, दुसरीच. त्यावर बर्न रेडिओवरच्या धर्मोपदेशकांच्या ढंगात, आपल्या सुखवस्तू आयुष्याकडे अचानक परकेपणानं पाहणाऱ्या माणसाची अवस्था सांगतो. पायाखालची जमीन सरकल्याची ती भावना शब्दांत येते त्याआधी ठेक्यातून आपल्यापर्यंत पोहोचलेली असते. आशय आणि ताल इतके एकजीव झालेलं गाणं लोकप्रिय संगीतात फार क्वचित सापडतं.

सुटलेला एक स्वर

मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस १८ मे १९८० रोजी गेला. उरलेल्या तिघांनी गिलियन गिल्बर्टला सोबत घेऊन न्यू ऑर्डर हा बँड उभा केला आणि ७ मार्च १९८३ रोजी ‘ब्लू मंडे’ बाजारात आणलं. साडेसात मिनिटांचं हे गाणं पुढे ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली बारा इंची सिंगल ठरलं.

गाणं सुरू होतं ते ओबरहाइम डीएमएक्स या ड्रम मशीनच्या ठोक्यांनी. तेव्हा सिंथेसायझरची धून वाजवून घेणाऱ्या यंत्रालाही एकेक स्वर हातानं भरवावा लागे. गिल्बर्टनं संपूर्ण गाण्याचा क्रम कागदांवर लिहिला आणि ते कागद एकमेकांना चिकटवून स्टुडिओच्या लांबीएवढी पट्टी केली. ती यंत्रात भरताना एक स्वर सुटला. परिणामी सिंथेसायझरची धून ठेक्याच्या तुलनेत किंचित सरकून बसली. बँडनं ती तशीच राहू दिली. ठोका पोलादी आणि धून मात्र त्याला पुरती न जुळणारी; या गाण्यातली हुरहुर मला याच फटीतून येताना ऐकू येते.

चारही गाण्यांत एक धागा आहे. अचूक ठेका त्यांनी यंत्राकडून, डिस्कोकडून, रेगेकडून, नायजेरियाकडून घेतला आणि मग त्यात माणसासाठी एक जागा ठेवली: गाळलेली मात्रा, मोकळी सम, दुहेरी मोजणी, सुटलेला स्वर. पंकनं त्यांना काटकसर शिकवली होती आणि काय टाकून द्यायचं हे सांगितलं होतं. उरलेल्या जागेत कुणालाही परकं न मानता आत घ्यायचं, हा निर्णय मात्र त्यांचा स्वतःचा. म्हणून मी न्यू वेव्हला केशभूषेची लाट मानत नाही. ऐकण्याची कक्षा रुंदावणारी ती एक मोठी सांगीतिक घटना होती.

या आठवड्यात ही चार गाणी याच क्रमानं, शक्यतो हेडफोन लावून ऐका. प्रत्येक गाणं पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा हातानं सम धरायचा प्रयत्न करा. जिथे हात अडखळेल, तिथेच त्या गाण्याचा जीव आहे.

(पुढील भागात : १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडची यंत्रं समोर ठेवून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. त्या तबकडीची गोष्ट.)