गर्भमंगलाच्या दिवशी आईला काय हवे?



आपल्या वस्त्यांत हल्ली डोहाळजेवण मोठे होऊ लागले आहे. काशीमिऱ्याच्या पत्र्याच्या खोलीसमोरही फुलांची कमान लागते, फुगे लागतात, फोटोवाला येतो. हौस आहे, होऊ द्या. पण अशा कार्यक्रमांना जाऊन जाऊन आमच्या एक गोष्ट लक्षात आली आहे. जिच्यासाठी सगळे जमतात तीच बाई त्या दिवशी सर्वांत जास्त थकते आणि सर्वांत कमी जेवते.

एका घरी सातव्या महिन्यातली सून सकाळी दहापासून साडी नेसून, फुलांचे दागिने घालून बसली होती. पाहुणे दोन वाजता आले. तोपर्यंत तिच्या पोटात फक्त चहा. ओवाळताना ती खाली बसली ती उठेचना. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड काढून पाहिले तर हिमोग्लोबिन ८. कार्ड दोन महिने कपाटात होते, घरात कोणी वाचलेच नव्हते. गरोदरपणात ११ च्या खाली गेले की रक्त कमी समजतात आणि ७ च्या खाली गेले की ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की हॉल ठरवण्याच्या आधी कार्ड बघा. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर हे चार आकडे सासूबाईंना आणि नवऱ्यालाही माहीत असले पाहिजेत.

दिवस ठरवताना आपल्याला मुहूर्त पाहायचा नाही, ही आपली मोठी सोय आहे. तिला झेपेल तो दिवस आपला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. ती करून घ्यावी आणि त्यानंतरचा रविवार धरावा. उन्हाळा असेल तर पत्र्याखाली दुपारी कार्यक्रम नको. सकाळी अकराच्या आत आटोपा, नाहीतर ऊन उतरल्यावर करा.

विधी साधा असतो आणि तो साधाच राहू द्या. पांढऱ्या कापडावर तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्ती, फुले. बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील देतात, बुद्धपूजा होते, मंगलसुत्त आणि अंगुलिमाल परित्त म्हटले जाते, आशीर्वाद दिला जातो. अर्ध्या-पाऊण तासात संपवा असे बौद्धाचार्यांना आधीच सांगितले तर ते आनंदाने ऐकतात, हा आमचा अनुभव आहे. गरोदर बाईला पाठ टेकायला खुर्ची द्या. पंचशील घेताना ती बसून हात जोडेल, त्यात काही कमी होत नाही. लहान खोलीत अगरबत्तीचा पुडा पेटवू नका, एक पुरे. खिडकी उघडी ठेवा.

परित्ताची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. श्रावस्तीत भिक्षेला फिरताना भिक्खू अंगुलिमालाला एक स्त्री बाळंतवेणांत अडलेली दिसली. त्याला कळवळा आला, त्याने येऊन तथागतांना सांगितले. तथागतांनी त्याला परत तिच्याकडे पाठवले आणि धम्मात जन्म घेतल्यापासून मी जाणूनबुजून कोणाचा जीव घेतलेला नाही, या सत्याने तुझे व बाळाचे कल्याण होवो, असे म्हणायला सांगितले. अडलेल्या बाईकडे पाठ फिरवायची नाही, हे त्यातून घ्यायचे. परित्त ऐकून मन शांत होते, पण अडलेले मूल रुग्णालयातच सोडवावे लागते. आणि मायादेवीही विसरू नका. लुंबिनीला बाळ सुखरूप झाले, पण सात दिवसांत आई गेली. मूल झाले म्हणजे धोका टळला असे नसते. पहिल्या आठवड्यात जास्त रक्त जाणे किंवा ताप भरणे याकडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बघावे.

ओटीवरून घरात वाद होतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे कशाला, असे सून म्हणते. आजी म्हणते, खणा-नारळाशिवाय डोहाळजेवण कसले? नारळ द्या, खोबरे खाल्ले जाईल, त्यावर भांडण नको. पण दोन गोष्टींवर आम्ही अजिबात माघार घेत नाही. ओवाळायला विधवा मावशी नको, मूल न झालेली जाऊ नको, हे बौद्ध घरात चालणार नाही. त्यांना पहिल्यांदा बोलवा. आणि पेढा-बर्फीचा खेळ बंद करा. वाटीखाली पेढा निघाला की टाळ्या, बर्फी निघाली की ‘असू दे, लक्ष्मी’ असे म्हणत उतरलेले चेहरे, हे त्या बाईला दिसते. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशाचा कायदा १९९४ साली आला. तपासणीवर बंदी असताना तीच चौकशी आपण वाटीखाली करत बसायची?

आता खाण्याचे. येणारी प्रत्येक बाई एकेक घास गोड भरवते. चाळीस बायका आल्या तर चाळीस घास! ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या चाचणीत साखर १४० किंवा जास्त आली असेल तर हे घास तिला बाधतील. दोघी-तिघींनी भरवावे, बाकीच्यांनी फळ हातात द्यावे. आधी तिला ताट वाढा आणि मगच पंगत बसवा. भाकरी, मेथी किंवा चवळीची पालेभाजी, मटकीची उसळ, अंडे, वर लिंबू. लिंबाने लोह अंगी लागते, चहाने अडते, म्हणून जेवणाला लागून चहा देऊ नका. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. लोहाच्या गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नका. उत्तनच्या बाजूचे सुकट, जवळा, बोंबील चांगलेच, फक्त रक्तदाब वाढलेला असेल तर खारवलेली मासळी आवरा. मोरी मात्र या महिन्यांत नको, तिच्यात पारा जास्त असतो. मंडपातले शिजवलेले अन्न दोन तासांहून जास्त उघड्यावर राहिले तर तिला देऊ नका. टँकरचे पाणी उकळून द्या.

‘काय डोहाळे लागले?’ हे सगळे हसत विचारतात. उत्तर चिंच असेल तर ठीक. पण माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर ते हसण्यावारी नेऊ नका. बहुतेकदा ती रक्त कमी असल्याची खूण असते. आशाताईंना त्याच दिवशी सांगा.

आशाताईंना आमंत्रण द्याच. त्या दिवशी नवरा, सासू, नणंदा, शेजारीण सगळे एका जागी असतात, असे पुन्हा कधी होत नाही. त्यांना दहा मिनिटे बोलू द्या. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, डोके खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंड-हात सुजणे, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणे, यांतले काहीही दिसले तर रात्र आहे म्हणून थांबायचे नाही. पाय सुजतातच, असे म्हणून सोडूही नका. रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल तर लगेच दाखवा. गल्लीत रिक्षा कुठपर्यंत येते, १०८ ला कोण फोन करणार, घरातल्या मुलांजवळ कोण थांबणार, हे त्याच बैठकीत नावानिशी ठरवा.

बाळंतपण कुठे, हेही तेव्हाच ठरवा. भाईंदर पश्चिमेच्या भीमसेन जोशी (टेंभा) रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात नाव आधी घातलेले असावे. पहिलटकरणीला डोहाळजेवणानंतर माहेरी पाठवतात. माहेर मराठवाड्यात असले तर शेवटच्या महिन्यात एस.टी.चा प्रवास नको, जायचे तर डॉक्टरांना विचारून लवकर जावे, आणि तिकडच्या आशाताईंकडे पोहोचताच नोंद करावी. कार्ड, सोनोग्राफी, सगळे रिपोर्ट तिच्या पर्सच्या पिशवीत असावेत, बॅगेच्या तळाशी नव्हे.

खर्चासाठी कर्ज काढू नका. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अनुसूचित जातीच्या आणि ई-श्रम कार्ड असलेल्या स्त्रिया पात्र आहेत. अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे. हे पैसे आईच्या खाण्याचे आहेत, मंडपाचे नव्हेत.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी सांगितले होते की बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. आज कारखान्यातल्या बाईला रजा आहे. भाईंदरच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या आपल्या मुलीला मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत जिने चढावे लागतात. तिला साडी सगळेच देतात. त्याऐवजी चौघी शेजारणींनी मिळून तिची दोन घरांची कामे महिनाभर वाटून घेतली, असे एका गल्लीत आम्ही पाहिले. काम सुटले नाही, पगार तिलाच मिळाला. बाकीच्यांनी सुती लंगोट, टोपडी, जुनी मऊ धुतलेली साडी आणि शेंगदाणा-गुळाचे लाडू आणले होते. ती सगळी पिशवी त्याच संध्याकाळी दारामागच्या खिळ्याला लटकवली गेली, वर कार्ड ठेवून.