एका रंगात फूल खुलवायचे कसे?

लग्नसराई जवळ आली की दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावात फोटो स्टुडिओवाल्याकडे आणि स्क्रीन प्रिंटिंगच्या कारागिराकडे एक मागणी येते : निकाहच्या दावतनाम्यावर गुलाब हवा, पण छपाई एकाच रंगात. चार रंगांना चार स्क्रीन आणि चार वेळा छपाई. एका रंगाला एकच. गिऱ्हाइकाचे म्हणणे रास्त आहे.

अडचण पुढे येते. गिऱ्हाइकाने मोबाइलवर दिलेला रंगीत फोटो आपण एक बटण दाबून कृष्णधवल करतो. छापून पाहावे तर फूल आणि पान एकाच राखाडी रंगात मिसळलेले! कागद वाया जातो, मजुरी बुडते आणि दोष शाईला दिला जातो. खरा दोष रूपांतराचा असतो.

संगणकावर प्रत्येक ठिपका लाल, हिरवा व निळा या तीन रंगांच्या ० ते २५५ अशा अंकांनी बनतो. प्रचलित सूत्र त्यातून लाल ३०, हिरवा ५९ व निळा ११ टक्के घेऊन एकच अंक काढते. समजा, गुलाबाचे अंक २००, ४०, ५० आहेत आणि पानाचे ६०, ११०, ५०. हिशेब केला तर गुलाब ८९ आणि पान ८८. मग डोळ्याला फरक दिसणार कुठून?

आता फक्त लाल अंक घ्या. गुलाब २००, पान ६०. म्हणजे काळ्या पानांवर उजळ फूल. फक्त हिरवा घेतला तर फूल ४०, पान ११०. गडद फूल उठून दिसते. पूर्वीचे छायाचित्रकार कॅमेऱ्यावर लाल किंवा हिरवी काच लावून हेच साधत. आज मोबाइलवरील ‘स्नॅपसीड’मध्ये कृष्णधवलसाठी रंगीत फिल्टर आहेत आणि संगणकावरील ‘गिंप’मध्ये ‘मोनो मिक्सर’ आहे. दोन्ही मोफत मिळतात.

पळसाचे फूल लाल फिल्टरने उजळते आणि त्याचा काळा देठ ठसठशीत राहतो. पिवळा झेंडू निळ्याने गडद होतो. पण निळ्यात दाणे फार दिसतात, म्हणून तो जपून वापरावा. मोगरा मुळात पांढरा. पाने गडद केली की काम झाले.

तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लाल फुलाचा फोटो थोडा कमी उजेड ठेवून काढावा, नाहीतर पाकळ्यांच्या रेषा जळून जातात. साध्या कागदावर शाई पसरते, म्हणून अगदी गडद भाग थोडा हलका ठेवावा. आणि मूळ रंगीत फोटो कधीही पुसू नये.

काळ्या-पांढऱ्यातील फूल आपल्या कारागिरांना नवे नाही. बिदरी कामात जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची फुलेपाने बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागराने धातू काळा करतात. चांदी मात्र उजळच राहते. त्या फुलांना रंग नाही, तरी ती शोभतात, कारण फूल आणि जमीन यांतील फरक कारागिराने राखलेला असतो.

तोच फरक आपण राखावा. छपाईपूर्वी लाल आणि हिरवा असे दोन नमुने गिऱ्हाइकाला दाखवावेत, त्याची पसंती घ्यावी आणि या कामाची मजुरी वेगळी सांगावी. पाच मिनिटांची ही मेहनत कागद वाचवील आणि इन्शाअल्लाह गिऱ्हाईकही टिकवील.