हापशीचे दुखणे कसे ओळखावे?

नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत एखाद्या खेड्यात गेलात, तर हापशीपाशी रांगेने मांडलेले गुंड तुम्हाला दिसतील. कोणी दांडा हलवू लागते. दहा वेळा होते, वीस वेळा होते, तरी पाणी येत नाही. "पाणी खाली गेले," असे म्हणून मंडळी दूरच्या विहिरीकडे वळतात. पण पाणी खरोखरच खाली गेले, की पंप बिघडला? पंप न उघडता, एक बादली आणि घड्याळ घेऊन याचा बराचसा उलगडा करता येतो.

आधी रचना पाहू. गावोगावी आढळणारा हातपंप बहुधा 'इंडिया मार्क २' असतो. त्याच्या दांड्याला साखळीने लोखंडी सळई जोडलेली असते. ती नळातून खोल जाऊन, पाण्यात बुडालेल्या सिलिंडरातील दट्ट्याला मिळते. एक झडप दट्ट्यात व दुसरी तळाशी असते. दोन्ही फक्त वरच्या बाजूला उघडतात. दांडा खाली दाबला की दट्ट्या वर येतो, त्याच्यावरचे पाणी उचलले जाते आणि तळझडपेतून नवे पाणी आत शिरते. दांडा वर नेला की तळझडप मिटते व ते पाणी दट्ट्याच्या झडपेतून वर जाते.

आता थोडे गणित करा. सिलिंडरचा आतील व्यास ६३.५ मिलिमीटर व दट्ट्याची चाल १२५ मिलिमीटर असते. म्हणजे एका वेळी सुमारे ०.४ लिटर पाणी उचलले जाते. धार सुरू झाल्यावर दांडा ४० वेळा पुरता हलवला, तर १५ लिटरची बादली भरायला हवी.

बादली निम्मीच भरली, पण धार पहिल्यापासून बारीक व सारखी असली, तर दट्ट्याभोवतीचे वॉशर झिजले आहेत असे समजा. पाणी त्यांच्या कडेने खाली निसटते. धार आधी चांगली असून मग तुटू लागली आणि थोडे थांबल्यावर पुन्हा आली, तर पंप बहुधा ठीक आहे. बोअरमध्येच पाणी कमी आहे. दांडा एकाएकी हलका झाला व पाणी मुळीच येईना, तर सळई तुटली किंवा सुटली असावी.

आता दुसरी परीक्षा घ्या. पंप तासभर बंद ठेवा आणि पाणी येईपर्यंत किती वेळा हापसावे लागते ते मोजा. पंप चांगला असेल तर नळ भरलेलाच राहतो व पाणी लगेच येते. २० वेळा हापसावे लागले, तर ८ लिटर पाणी खाली गळाले होते. एक मीटर नळात, सळईची जागा वजा करता, सुमारे ०.९ लिटर पाणी मावते. म्हणजे नळातील पाणी जवळजवळ ९ मीटर उतरले होते! रात्रभर थांबून हीच परीक्षा पुन्हा घ्या. आकडा वाढला तर संशय तळझडपेवर. तेवढाच राहिला, आणि बोअरचे पाणी त्याहून खोल असेल, तर त्या खोलीवरील नळाचा जोड गळत असावा.

घरासारखी सोय असलेल्या जुन्या प्रवासी गाडीतही हाच तर्क चालतो. सर्व तोट्या बंद असताना तिचा विजेचा पंप मधूनमधून आपोआप सुरू होत असेल, तर दाब कुठेतरी गळतो आहे: जोडातून, किंवा पाणी मागे जाऊ न देणाऱ्या झडपेतून.

हा हातपंप घडला तोही दुरुस्तीच्या चिंतेतूनच. पूर्वीचे बिडाचे पंप एका घरापुरते होते. गावाच्या वापराने ते लवकर मोडत. तेव्हा जालना व सोलापूर येथील पाणी-प्रकल्पांत पोलादी पंप तयार झाले. त्यांतील सोलापूरच्या पंपावरून १९७०च्या दशकात 'युनिसेफ'च्या मदतीने मार्क २ सिद्ध झाला. तरीही एक अडचण उरली. लहानसे वॉशर बदलायलाही सगळे नळ वर काढावे लागतात; त्यासाठी माणसे, अवजारे व गाडी लागते. म्हणून पुढे आलेल्या मार्क ३ मध्ये नळ रुंद केला व दट्ट्या नळातूनच वर काढता येऊ लागला.

म्हणूनच "हापशी बंद आहे" एवढेच कळवणे पुरेसे नाही. "४० वेळा हापसून ७ लिटर पाणी येते, धार सारखी आहे," असे कळवले, तर कारागीर योग्य सुटा भाग घेऊनच निघेल आणि त्याची एक फेरी वाचेल. शाळेजवळच्या हापशीची अशी नोंदवही आजच सुरू करा. दर महिन्याला दोन आकडे लिहा. ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडण्याआधीच ते तुम्हाला सावध करतील.