हिवाळ्यातल्या काचा आणि ओले हात

कोरड्या थंडीपेक्षा ओली थंडी हातांना अधिक छळते, हे ब्रिटनमध्ये घरोघरी फिरून खिडक्यांच्या काचा पुसणाऱ्या कामगारांना कोणी शिकवावे लागत नाही. लंडनमध्ये जानेवारीत दिवसाचा पारा साधारणपणे सात-आठ अंश सेल्सियसपर्यंत चढतो आणि रात्री दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. टोरांटोकरांना हा हिवाळाच वाटणार नाही. परंतु ज्याला दर दोन-चार मिनिटांनी बादलीतल्या पाण्यात हात घालावा लागतो आणि तोच ओला हात वाऱ्यात उंच धरावा लागतो, त्याच्यासाठी हे तापमान पुरेसे जाचक असते. डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजण्यापूर्वी मावळतो. या व्यवसायात गिऱ्हाइकांच्या फेऱ्या चार किंवा आठ आठवड्यांच्या अंतराने ठरलेल्या असतात. फेरी चुकली की त्या दिवसाची कमाई बुडते. त्यामुळे थंडी आहे म्हणून घरी बसण्याची चैन फार थोड्यांना परवडते, आणि हातमोज्यांची निवड हा रोजीरोटीचा प्रश्न होऊन बसतो.

हातमोजा स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. हाताला ऊब मिळते ती रक्तातून. तंतूंच्या पोकळ्यांत हवा कोंडून ती ऊब बाहेर जाऊ न देणे एवढेच मोज्याचे काम. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पाण्याची उष्णतावाहकता मात्र तिच्या सुमारे २५ पट असते. मोजा भिजला, की हवेच्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि तो ऊब अडवण्याऐवजी बाहेर नेऊ लागतो. त्यात बाष्पीभवनाची भर पडते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जवळजवळ ६०० कॅलरी उष्णता खेचली जाते (आहारशास्त्रातल्या मोठ्या कॅलरी नव्हेत); तेवढ्या उष्णतेत सहा ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत पोहोचेल. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. भिजलेला सुती मोजा घालून वाऱ्यात उभे राहणारा कामगार जणू हातात माठच घालून उभा असतो.

याचे परिणाम केवळ गैरसोयीपुरते नसतात. बोटांच्या त्वचेचे तापमान सुमारे १५ अंशांच्या खाली गेले की सफाईदार हालचाली मंदावतात. आणखी खाली उतरले की स्पर्शाची जाण बोथट होऊ लागते. शिडीच्या दहाव्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाची पकड आपण किती घट्ट धरली आहे हे त्याच्या बोटांनाच कळेनासे झाले, तर पुढचे सांगायला नको. काहींची बोटे थंडीत आधी पांढरी, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होतात. मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये वर्णन केलेली आणि त्याच्याच नावाने ओळखली जाणारी ही व्याधी असेल, तर नुसते चांगले मोजे घेऊन भागत नाही. वैद्यकीय सल्ला घ्यावाच लागतो.

जलरोधक आणि उबदार हे दोन शब्द दुकानातल्या वेष्टनावर शेजारी शेजारी छापलेले असले, तरी त्या दोन गुणांचे आपसात फारसे पटत नाही. पाणी आत येऊ न देणारे रबर घामही बाहेर जाऊ देत नाही. दोन तास जोमाने काम केल्यावर असा मोजा आतूनच ओला होतो आणि त्याचे जाड, शिवलेले अस्तर मग दिवसभर वाळत नाही. यावर उपाय म्हणून वाफ बाहेर सोडणाऱ्या पडद्याचे मोजे मिळतात. १९६९ मध्ये बॉब गोर यांना सापडलेल्या ताणलेल्या टेफ्लॉनच्या पडद्याने या प्रकाराला चालना दिली. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाला अरुंद पडतात आणि वाफेला पुरतात. गिर्यारोहकासाठी हे उत्तम. पण बाहेरचे कापड पाण्याने चिंब झाल्यावर वाफेला निघायला वाटच उरत नाही, आणि काच पुसणाऱ्याचा मोजा तर सदैव चिंबच असतो. त्यामुळे या महागड्या मोज्यांवर खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा. बॅटरीवर तापणारे मोजेही बादलीच्या कामाचे नव्हेत.

त्यापेक्षा जुनी, साधी जोडणी अधिक भरवशाची ठरते: आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ, सुटा मोजा आणि त्यावर सैलसर रबरी मोजा. आतल्या मोज्याच्या तीन-चार जोड्या खिशात ठेवल्या, की घामाने ओला झालेला मोजा बदलता येतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषूनही हाताला फारशी ओली लागत नाही. सुती कापडाबद्दल तसे म्हणता येत नाही. बाहेरचे रबर निवडताना थंडीतला लवचीकपणा पाहावा. स्वस्त पीव्हीसी गारठ्यात ताठर होते. नैसर्गिक रबर मऊ राहते, पण काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. त्यांनी नायट्राइलकडे वळावे. पाणबुड्यांच्या पोशाखातला फेसाळ निओप्रीन स्वतःच्या बंद पेशींमध्ये वायू धरून ठेवत असल्याने भिजूनही ऊब राखतो. मात्र त्याची शिवण तपासावी. सुई आरपार गेलेली असेल, तर प्रत्येक टाका म्हणजे पाण्याला एक दार.

सर्वाधिक फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. बांधकामावर सर्रास दिसणाऱ्या विणलेल्या मोज्यांना केवळ तळहाताच्या बाजूने रबराचा लेप असतो. पाठीमागचे कापड उघडेच राहते. पकडीसाठी ते छान, पाण्यासाठी निरुपयोगी. सबंध मोजा मनगटापलीकडे रबरात बुडवलेला आहे की नाही, हे उलटसुलट करून पाहावे.

दुसरी गोष्ट मनगटाची. काच पुसणाऱ्याचा हात बहुतेक वेळ डोक्याच्या वर असतो. स्क्वीजीने, म्हणजे रबरी पात्याच्या पुसणीने, खाली ओढलेले पाणी दांडीवरून बोटांवर आणि बोटांवरून कोपराकडे ओघळते. कौले शाकारताना वरचे कौल खालच्या कौलावर येते, तोच नियम इथेही लागू पडतो. हात वर असताना मोजा वरचे कौल ठरतो; म्हणून त्याची लांब बाही जाकिटाच्या बाहीवरून ओढावी, आत खोचू नये. लांब बाहीचे टोक बाहेरच्या बाजूस दुमडले, तर एक छोटी पन्हळ तयार होते आणि ओघळ तिच्यात अडतो. जो दिवसभर हात खाली ठेवून काम करतो, त्याच्यासाठी मात्र हे सारे नेमके उलटे होईल.

युरोपात थंडीपासून रक्षण करणाऱ्या मोज्यांसाठी ईएन ५११ हे मानक आहे. मोज्यावर हिमकणाचे चिन्ह आणि त्याखाली तीन अंक छापलेले असतात. पहिला अंक गार हवेपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा, दुसरा थंड वस्तूच्या स्पर्शाचा. हे दोन्ही शून्य ते चार या श्रेणीत असतात. तिसरा पाण्याचा, आणि त्यात शून्य किंवा एक एवढेच पर्याय. जाहिरातीतल्या विशेषणांपेक्षा हा शेवटचा अंक पाहावा. अंकाच्या जागी एक्स असेल, तर ती चाचणी झालेलीच नाही असे समजावे. हातोड्याचे चिन्ह ईएन ३८८ चे. ते घर्षण, काप, फाटणे यांविषयी बोलते, उबेविषयी नव्हे.

दुसऱ्या अंकाचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. उंचावरील कामासंबंधीचे नियम ब्रिटनमध्ये २००५ साली आले आणि शिडीऐवजी जमिनीवर उभे राहून, शुद्ध पाणी वर नेणाऱ्या लांब दांड्याने काचा धुण्याकडे कल वाढला. पडण्याचा धोका त्यामुळे घटला. पण आता तासन्‌तास एक गार, ओला दांडा मुठीत आवळून धरावा लागतो. आवळलेल्या मुठीत तळहाताकडचे अस्तर चेपले जाते आणि त्यातली हवा निघून जाते. अशा कामाला तळव्याशी दाट, सहज न चेपणारे अस्तर हवे.

माप घेताना आतला मोजा घालूनच बाहेरचा चढवावा आणि मूठ वळून पाहावी. बोटांच्या टोकांशी किंचित जागा हवी. घट्ट मोजा हवाही दाबतो आणि रक्तप्रवाहही. बोटांची चपळाई मोजण्यासाठी मानकांत एक गमतीदार चाचणी आहे: मोजा घालून टेबलावरच्या गुळगुळीत धातूच्या काड्या उचलायच्या. ११ मिलिमीटर जाडीची काडी उचलता आली तर पहिली श्रेणी, पाच मिलिमीटरची उचलली तर पाचवी. दुकानात खिशातले नाणे उचलून पाहिले तरी पुरेसा अंदाज येतो.

मालकाने कामगाराला संरक्षक साधने विनामूल्य द्यावीत, असे ब्रिटिश कायदा सांगतो. एप्रिल २०२२ पासून कायम नोकरीत नसलेल्या, पण दुसऱ्यासाठी राबणाऱ्या अनेकांनाही तो लागू झाला. मात्र स्वतःची बादली आणि स्वतःची गिऱ्हाइके असलेल्याला मोजे पदरचेच घ्यावे लागतात, आणि काचा पुसणाऱ्यांत असे स्वतंत्र लोक पुष्कळ आहेत. त्यांनी एका महागड्या जोडीऐवजी मध्यम किमतीच्या दोन घेऊन आलटून पालटून वापरणे सोयीचे. संध्याकाळी मोजे उलटे करून, तोंड खाली करून हवेशीर जागी टांगावेत. तापत्या रेडिएटरवर टाकल्यास रबराला लवकर चिरा पडतात. आठवड्यातून एकदा मोज्यात हवा भरून, मनगटाशी पिळून तो पाण्यात बुडवावा. बुडबुडे दिसले तर भोक नेमके कुठे आहे ते कळते. ते बोटाच्या टोकाशी असेल, तर ठिगळ फार दिवस टिकत नाही.