दुसरी वाहिनी

घरातले दिवे क्षणभर जाऊन परत येतात, तेव्हा कुठल्या तरी उपकेंद्रात एक निर्णय झालेला असतो. तो माणसाने घेतलेला नसतो, तरी त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभियंत्यांचा विचार असतो, आणि त्याची दखल फारशी कुणी घेत नाही.

दोन इनकमर (वीज आत आणणाऱ्या वाहिन्या) आणि मध्ये बस कपलर (दोन्हींच्या बस, म्हणजे वीज वाटणाऱ्या पट्ट्या, एकमेकींना जोडणारा ब्रेकर), अशी रचना असलेले उपकेंद्र घ्या. एका वाहिनीतला विजेचा दाब गेला की रिले, म्हणजे ब्रेकरला हुकूम देणारे उपकरण, ते टिपतो, पण लगेच हालचाल करत नाही. कदाचित वरच्या उपकेंद्रातून पुरवठा परत येईल, म्हणून तो काही काळ थांबतो. मग आधी मेलेल्या वाहिनीचा ब्रेकर उघडतो आणि त्यानंतरच कपलर जोडतो. हा क्रम उलटला तर वीज मागे वाहील, बिघाडाला खतपाणी घालील आणि खाली काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर उठेल. बसवरच दोष असेल तर बदल मुळातच रोखला जातो, कारण तो दोष निरोगी वाहिनीलाही आडवी करील. हे सगळे चालते शेजारच्या खोलीतल्या बॅटरीवर. गेलेल्या विजेवर विसंबून वीज परत आणता येत नाही.

उघड्या तारांवरचे बहुतेक दोष तात्पुरते असतात: विजेचा लोळ, वाऱ्याने टेकलेली फांदी. म्हणून 400 केव्हीच्या वाहिनीवर एका फेजमध्ये दोष आला, तर तेवढाच फेज सोडून साधारण सेकंदाभराने पुन्हा जोडून पाहतात. दोष कायम दिसला तर वाहिनी बंदच ठेवतात. भूमिगत केबलमधला दोष सहसा कायमचा असतो, त्यामुळे तिथे हा प्रयत्न करत नाहीत.

पण भार पेलायला दुसरी वाट समर्थ नसेल, तर या सगळ्या हुशारीचा उपयोग नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबईकडे वीज आणणाऱ्या कळवा-पडघा वाहिनीचे एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद होते. सगळा भार दुसऱ्यावर होता. ते गेले आणि मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या. असा प्रसंग आला तर शहराला ग्रीडपासून तोडून वेगळे तगवणारी यंत्रणा मुंबईत होती, पण त्या दिवशी तीही शहराला सावरू शकली नाही.

2012 च्या जुलैअखेरीस उत्तर भारतात वेगळेच घडले. बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर भार इतका वाढला होता आणि दाब इतका घसरला होता, की संरक्षक रिलेला तो बिघाड वाटला. 30 तारखेला आणि पुन्हा 31 तारखेला त्याने वाहिनी तोडली. दुसऱ्या दिवशी तीन विभागांची ग्रीड कोसळली. तारा शाबूत होत्या. रिलेला जेवढे शिकवले होते, तेवढेच त्याने केले.

मुंबईला आणखी एक वाट मिळाली: खारघर-विक्रोळी वाहिनी 2023 मध्ये सुरू झाली आणि मुंबईत वीज आणण्याची क्षमता सुमारे 1000 मेगावॉटने वाढली. मला हे स्वयंचलनापेक्षाही मोलाचे वाटते. उपकेंद्राच्या आतही तेच: तिथले दोन्ही ट्रान्सफॉर्मर एरवी निम्म्याच भाराने चालत असतील, तरच एकाला दोघांचा भार उचलता येतो. ही निम्मी क्षमता लेखापरीक्षकाला पडून राहिलेली दिसते आणि खर्चाला कात्री लागली की सर्वांत आधी तीच जाते. दुसरी वाट खरोखर वेगळीही हवी; म्हणून आपल्या गावात नवे उपकेंद्र उभे राहील, तेव्हा त्याच्या दोन वाहिन्या वेगवेगळ्या मनोऱ्यांवरून येतात की एकाच मनोऱ्याच्या दोन बाजूंनी, हे विचारा.